उभं राहून घ्यायची नावं

माझ्या नातीनं, मैत्रीनं, शाळेत भाषण केलं त्याला आता बरेच महिने झाले, पण कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मिरवते म्हणा हवं तर. अशी नात असल्यावर कोण तोंड शिवून बसेल?

मी राधाबाई. मुंबईत म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं नर्स होते. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे, सुमितकडे, हॉलंडमधल्या रायस्वाइकला आले आणि जी अडकले ती अडकलेच. आधी विमानं बंद, मग माझं वय आणि साखर. सून मेधा संशोधनातली, तिला लॅबमध्ये जावंच लागायचं. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला सुमितचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला मैत्रीची शाळा, आणि मधे मी. कुकरची शिट्टी झाली की दोन्हीकडून "शूऽऽ"!

दारावर पाटी होती, 'एस. भानुदास'. आता भानुदास हे माझ्या नवऱ्याचं नाव. मला वाटलं, इथल्या गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, कुण्या कारकुनानं घोळ घातला असेल. "अहो, जन्मात विमानात बसला नाहीत आणि इथं तुमचं घराणं झालं की," असं मी त्यांच्या फोटोला म्हणायचे. पण सुमित म्हणाला, "घोळ नाहीये आई. मी पासपोर्टवरच तसं करून घेतलं. सोपं पडतं."

कुणाला सोपं पडतं ते मला न विचारता कळलं. आमचं आडनाव हिवराळे. मराठी माणूस ते ऐकतो, मग "गाव कुठलं?" विचारतो, आणि पुढचा प्रश्न विचारत नाही, कारण त्याला आमची जात कळलेली असते. आमच्याच इमारतीत दोन मजले वर अरुण आणि जयंती राहत होते, पुण्याचे. अरुण सुमितचा साहेब. त्यांची ईशानी मैत्रीच्याच वर्गात. नऊ वर्षं सुमित त्यांच्याकडे जेवत होता, पण हिवराळे हे नाव त्या घरात कधी गेलं नव्हतं.

एकवीसच्या जानेवारीत शाळा पुन्हा बंद होत्या, सगळं शिक्षण कॉम्प्युटरवर. त्यातच अमेरिकेच्या संसदेत जमाव घुसल्याचं टीव्हीवर लागलं. एक माणूस गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा झेंडा घेऊन आतून फिरत होता. बाहेर कुणी फाशीचा दोर टांगला होता. चौदा वर्षांची मैत्री जेवण सोडून ते बघत बसली. तिच्या इतिहासाच्या योंकर बाईंनी, इथल्या भाषेत मेव्राउ योंकरनी, वर्गापुढे बोलायचं काम दिलं होतं. स्प्रेकबर्ट म्हणतात त्याला इथं. इतिहासातलं काहीही निवडा, पण ते तुम्हीच का निवडलं ते शेवटी सांगा, अशी अट. मैत्री म्हणाली, "आजी, मी हेच घेणार. हे लोक कुठून आले ते."

मग तीन आठवडे मी मेथी निवडायची आणि ती समोर बसून मला शिकवायची. तिचं मराठी म्हणजे अर्धं मराठी, पाव इंग्रजी आणि उरलेलं देवाला ठाऊक. पण मला सगळं कळायचं. "आजी, सिव्हिल वॉर संपलं ना, तेव्हा सहा जुन्या सोल्जर्सनी एक क्लब काढला. चेहरे झाकून रात्री जायचे. काळी माणसं व्होट करायला लागली, शाळा काढायला लागली, म्हणून त्यांना मारायचे." तो क्लब म्हणजे कू क्लक्स क्लॅन. मग विल्मिंग्टन नावाचं गाव, तिथं अठराशे अठ्ठ्याण्णवमध्ये गोऱ्या जमावानं निवडून आलेला कारभार बंदुका दाखवून उलथवला आणि काळ्या माणसांचं वर्तमानपत्र जाळलं. मग टल्सा. तिथं काळ्यांची आख्खी पेठ राख केली, का तर ती माणसं चांगली दुकानं टाकून सुखात राहत होती.

"आणि आजी, नाइन्टीन ट्वेन्टी-फाइव्हला हेच लोक वॉशिंग्टनमध्ये दिवसाउजेडी मोर्चा काढतात. हजारो. तोंड उघडं! झाकलंच नाही."

"कशाला झाकतील?" मी म्हटलं. "भीती कुणाची होती त्यांना? आमच्याकडं तरी कोणी झाकलं होतं?"

"आमच्याकडं म्हणजे कुठं?" तिनं विचारलं. मग मला सांगावंच लागलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या. आमचीही जळाली. माझा दीर श्रीधर, एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा घरातला पहिला मुलगा. म्हाताऱ्या शेजारणीला बाहेर काढायला परत आत गेला, तेव्हा त्याला दारातच गाठून मारला. मारणारे गावातलेच, रोज रामराम घालणारे. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी मुंबईला आलो. पण तुझे आजोबा, मी तिला म्हटलं, मारणाऱ्यांची नावं घरात घेऊ द्यायचे नाहीत. गेलेल्यांची घ्यायचे, वर्षातून एकदा, सगळ्यांना उभं करून, एकेकाचं पूर्ण नाव. अर्धं नाव घेतलं तर माणूस अर्धाच आठवतो म्हणायचे.

मैत्रीनं त्या दिवशी भाषण सगळं खोडलं आणि नव्यानं लिहिलं.

तिनं ते सुमितला दाखवलं तेव्हा अमेरिकेपर्यंत तो खूश होता. शेवटचं पान आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काढ. श्रीधरकाका काढ. फार तर नुसतं श्रीधर म्हण."

"पण बाबा, व्हाय?"

"ईशानी वर्गात आहे म्हणून!"

माझं डोकंच फिरलं. "वा रे वा! सात समुद्रापलीकडच्या माणसांवर बोलताना मोठी छाती, आणि सख्ख्या काकाचं नाव आलं की शेपूट आत? त्याला एकदा मारलं तेवढं पुरे नाही का झालं?"

सुमित ओरडेल असं मला वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला. "आई, मागच्या वर्षी अरुणकडे पार्टी होती. तो म्हणाला, इथं बरंय, इथं कोट्यातून आलेले नसतात, म्हणून कामं होतात. सगळे हसले." मग म्हणाला, "मीपण हसलो."

पोटचा पोरगा असा मान खाली घालून बसलेला बघवत नाही. मैत्री हळूच म्हणाली, "ओके बाबा, काढते," आणि तिनं ते पान खरंच पुसलं. मी भांडी घासायला घेतली आणि बराच वेळ घासत बसले.

भाषण होतं मंगळवारी सकाळी दहाला. मी शेजारी, पण कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले होते. सुमित टेबलाच्या त्या टोकाला हेडफोन लावून काम करत होता, निदान दाखवत तरी होता. स्क्रीनवर वर्गातली चौकोनी तोंडं, कुणी पलंगावर, कुणी ब्रेडचा तुकडा चघळत. मला डच येत नाही, पण तिनं मराठीत सांगून सांगून भाषण मला पाठ झालं होतं, त्यामुळे ती कुठवर आली ते कळत होतं. विल्मिंग्टन झालं, टल्सा झालं, तो मोर्चा झाला. मग ती थांबली आणि तिनं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

पोरं गोंधळली. मेव्राउ योंकर आधी उभ्या राहिल्या, मग एकेक खुर्ची मागं सरकली. मैत्रीनं चार नावं घेतली. बर्मिंगहॅम गावच्या चार मुली, एकोणीसशे त्रेसष्टमधल्या एका रविवारी चर्चमध्ये होत्या, आणि क्लॅनच्या माणसांनी तिथं बॉम्ब ठेवला होता. ॲडी मे कॉलिन्स, चौदा. सिंथिया वेस्ली, चौदा. कॅरोल रॉबर्टसन, चौदा. डेनिस मॅकनेअर, अकरा. शेवटच्या मारेकऱ्याला शिक्षा व्हायला एकोणचाळीस वर्षं लागली, हे तिनं सांगितलं, पण त्याचं नाव घेतलं नाही. भाषण तिथं संपायचं होतं.

ती बसली नाही. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. समोर बघत ती म्हणाली, "श्रीधर हिवराळे. नेखन्टीन." एकोणीस.

सुमितचे हात कीबोर्डवर थांबले.

सगळी बसल्यावर ईशानीनं हात वर केला आणि काहीतरी विचारलं. त्यात मला 'भानुदास' ऐकू आलं आणि 'हिवराळे' ऐकू आलं. मैत्री माझ्याकडे वळून कुजबुजली, "आजी, ती विचारते, तुझं नाव तर भानुदास आहे, मग हा तुझा कोण? मी काय सांगू?"

पोरीला तिथं एकटी कशी सोडणार? मी खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्यासमोर बसले. बाईंनी हसून मान हलवली. मी मराठीत बोलले, मला दुसरं येतंच कुठं? "श्रीधर हिवराळे माझा दीर. आमच्या जातीमुळे त्याला मारलं आणि आमची घरं जाळली. आम्ही सगळे हिवराळेच आहोत, ही पोरगीसुद्धा." मग टेबलाच्या त्या टोकाला बघून म्हटलं, "सुमित, सांग बाबा त्यांना."

त्याला गुळमुळीत काहीतरी सांगून सोडता आलं असतं. डच पोरांना काय कळणार होतं? पण ईशानीला मराठी कळतं, ती सगळं ऐकून बसली होती. सुमितनं हेडफोन काढला. तो उठून आमच्या मागं येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. मी तीन वाक्यं बोलले होते. हा बोलतोय, बोलतोय, थांबेचना! मैत्रीनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. बोलणं संपल्यावर तिनं मला सांगितलं, की बाबांनी माझं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढं म्हणाले, "माझं नाव सुमित हिवराळे. नऊ वर्षं मी ते लपवलं, कारण मला माझ्या मित्रांची भीती वाटत होती. माझ्या मुलीला वाटली नाही."

तासाभरानं अरुणचा फोन आला. सुमितनं तो माझ्यासमोरच स्पीकरवर टाकला. "अरे, ईशानी काय सांगतेय! तू कधी बोलला नाहीस? मला माहीत असतं तर त्या दिवशी मी तसलं बोललोच नसतो रे."

"माझ्यासमोर बोलला नसतास अरुण," सुमित शांतपणे म्हणाला. "एवढंच."

"बोलू नंतर" म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला. पुढं त्यांच्याकडचं बोलावणं कधी आलं नाही. एकतीस वर्षं मी माणसं बरी होताना बघितलीत, त्या दिवशी माझा स्वतःचा पोरगा बघितला. मी डोळे पुसायला पदर शोधायला लागले.

तो माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणी निकाल सांगायला बसायचा तसा. "आई, खरं सांग. वर्गात माझा आवाज कापत होता का गं?"

"कापत होता," मी म्हटलं. "श्रीधरचं नाव घेताना तुझ्या बापाचा शेवटपर्यंत कापायचा. पण त्यांनी ते कधी अर्धं घेतलं नाही, आणि आज तूही घेतलं नाहीस."