रोशनी बोलेना

टण्.

चमचा ताटलीवर एकदा वाजला. दीपिकाने मुकाट्याने आणखी भात वाढला. दोनदा वाजला की डाळ. नऊ दिवसांत मायलेकींची एवढी भाषा ठरून गेली होती; बाकी रोशनीने तोंडातून शब्द काढला नव्हता.

शेजारच्या इंदुबाई उघड्या दारातून थेट आत आल्या. बीडहून बोईसरला येऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण बोली तसूभर हलली नव्हती.

"आजबी बोलंना का गं लेकरू?"

"नाही हो मावशी. शाळेतल्या बाई म्हणतात, कान तपासून घ्या."

"कानाला काय धाड भरली? तू काय बोललीस तिला, ते सांग."

दीपिका भांडी आवरू लागली. चार वर्षं रोशनी डोंगरातल्या पाड्यावर आजीपाशी वाढली. शाळेसाठी तिला इकडे आणलं. त्या दिवशी "पानी दे" म्हणत तिने हात पुढे केला, तर दीपिकाने पेला उंच धरला. "पाणी म्हण. मग देते." पोर तहानलेलीच झोपली.

दीपिका स्वतः सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेली होती. मुली तिची नक्कल करून खिदळायच्या. मग पहाटे नळावर एकटीच ती घोकत बसायची : आहे, नाही, पाणी. सुट्टीत घरी गेली तरी आईशी पुस्तकातल्यासारखं बोलायची. आता दवाखान्यात डॉक्टर नव्या नर्सेसना सांगत, बोलावं तर दीपिका सिस्टरसारखं. लेकीच्या वाट्याला ते हसणं येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

"भाजीवाली मला अजून हसती," इंदुबाई म्हणाल्या. "हसंना का! भाजी तर देती. मापबी नीट देती." आणि रोशनीवरून कडाकडा बोटं मोडून त्या निघून गेल्या.

दीपिका पेला भरून लेकीसमोर फरशीवर बसली. कितीतरी वर्षांत न वापरलेली घरची बोली तिने हळूच जिभेवर आणली.

"बाय... पानी पेतेस?"

रोशनीने मान वर केली.

"गार हाय बग. आन तू... आजीनी तुला..." पुढचं येईना. मध्येच इंदुबाईंचा हेल लागला, मध्येच दवाखान्यातला. घरची बोली ती परक्यासारखी चाचपडत बोलत होती.

रोशनी खुदकन हसली.

"असा नाय बोलत!"

दीपिकाचे डोळे भरून आले. पोरीने पेला ओढून घेतला, घटाघटा प्यायली, बाहीने तोंड पुसलं. मग पाड्यावर नवखी बाई आली की म्हातारी जशी डोळे बारीक करून न्याहाळते, तसं तिने आईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मायेने विचारलं,

"तू कोनाची हाय गं?"