पाच उलटी वाक्यं

एकतीस नंबरच्या फॉर्मची बेरीज तिने तिसऱ्यांदा केली. उत्तर पुन्हा पंचवीसच आलं. बाकावर शेजारीच बारा नंबरचा फॉर्म होता, त्याचीही बेरीज पंचवीस. पण बारा नंबरवालीला स्वतःबद्दल जे जे चांगलं ते सगळं 'पूर्ण मान्य' होतं, आणि एकतीस नंबरवालीने 'मी कशाच्याच लायकीची नाही' या वाक्यापुढे 'पूर्ण मान्य'वर खूण केली होती. दोघींचा आत्मसन्मान सारखाच कसा निघेल?

ड्यूटी संपवून ती नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत बसली होती. मांडीवर रुग्णालयातल्या नर्सेसनी भरून दिलेल्या चौसष्ट फॉर्मचा गठ्ठा. परवा प्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक खोदून विचारतात, चार-पाच फॉर्म हाताने तपासून ठेवा, असं मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दहा वाक्यांतली पाच मुद्दाम उलटी, स्वतःला कमी लेखणारी, घातलेली होती. त्यांचे गुण उलटे धरायचे असतात, चाराचा एक आणि एकाचे चार. तेच राहिलं होतं. आकडे संगणकात भरले धाकट्या जावेने, पण कसे भरायचे ते तिला सांगितलं होतं हिनेच. सरळ बेरीज केली की बरं आणि वाईट एकमेकांना खाऊन टाकतं आणि झाडून सगळ्या बायका मध्यम निघतात. अकरा वर्षांत औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे न होऊ देणारी बाई, आणि चुकली कुठे, तर पोरांनाही जमेल अशा बेरजेत.

एकतीस नंबरच्या फॉर्मवर आणखी एक भानगड होती. 'नाव लिहू नये, सही करू नये' असं वर ठळक छापलं होतं. तरी प्रत्येक खुणेशेजारी एक बारीक सही होती. औषध दिलं की तक्त्यावर खूण करायची आणि लगेच शेजारी सही ठोकायची, हे तीस वर्षं करत आलेल्या हाताने इथेही तेच केलं होतं. भरणारीच्या ते लक्षातही आलं नसणार. शेपूट वर वळवलेली ती सही वॉर्डात कुणीही ओळखली असती. ती इन्चार्ज सिस्टरची होती.

इन्चार्जना पाठीमागे सगळ्या 'फौजदार' म्हणत. चादरीला एक सुरकुती दिसली तरी त्या वॉर्ड डोक्यावर घेत. हिच्या अभ्यासाला त्यांनी पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं होतं, हिचं नाव 'सर्व्हेवाली' पाडलं होतं, आणि मोजायचंच असेल तर सलाईनच्या बाटल्या मोज, असं चारचौघींत सुनावलंही होतं. त्या बाईने दहाच्या दहा वाक्यांत स्वतःला मातीत घातलं होतं. खरं सांगायचं तर आधी हिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

तिने तिथेच बसून चौसष्टच्या चौसष्ट फॉर्मचे गुण पुन्हा मोजले आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, उलट्या वाक्यांचे गुण फिरवायचे राहिलेत. दुरुस्त केलं तर एकोणीस जणी अगदी खाली जातात."



"प्रबंध बांधून झालाय," मॅडम म्हणाल्या. "सारांश रुग्णालयाच्या ऑफिसात गेलाय. त्यांनी तो सगळ्या वॉर्डांत लावायला सांगितलाय. आता मागे घेतलात तर सहा महिने गेले. घरचे देतील पुन्हा अभ्यासाला बसू?"

"नाही."

"मग झालं तर. मध्यम निकालाने कुणाचं काय बिघडतंय?"

ती सारखी स्वतःला तेच सांगत घरी गेली. कुणाचं काय बिघडतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्चार्जनी तिला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. त्या कपाटाकडे तोंड करून कापसाचे बोळे डब्यात भरत होत्या.

"तुझा तो कागद वाचला, भिंतीवरचा."

"हो, सिस्टर."

"सगळ्या मध्यम?"

"हो."

"अगं, पण सगळ्या कशा असतील? एखादी तरी खाली असेलच की." बोळे भरणारा हात थांबला. "अगदीच खाली. अशी कुणीच नाही?"

हीच ती वेळ होती. दार लोटलेलं होतं, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. 'सिस्टर, माझी बेरीज चुकली' एवढे चार शब्द बोलायचे होते. तिच्या डोळ्यांपुढे मॅडम आल्या, बांधून तयार असलेला प्रबंध आला, 'झाली का परीक्षा?' म्हणून रोज टोचणाऱ्या सासूबाई आल्या.

"कुणीच नाही, सिस्टर," ती म्हणाली. "सगळ्यांना थोडंफार असंच वाटतं."

इन्चार्जनी डब्याचं झाकण लावलं. मग त्या वळल्या. खांदे इतके सैल पडले होते की ही बाई इतकी वर्षं ते ताणून उभी होती, हे तेव्हा कळलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपणच तेवढ्या..." वाक्य अर्धवटच सोडून त्यांनी खिशातून घडी केलेली, वेळ लिहिलेली चिठ्ठी काढली. "स्टाफसाठी त्या समुपदेशक बाई येतात ना, बुधवारच्या? त्यांच्याकडे नाव दिलं होतं मी. महिनाभर हिंमत करून. आज खाली बसल्याच असतील, जाता जाता त्यांना सांग, माझी वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं. सगळ्यांना वाटतं तसंच मला वाटतं, त्यात दाखवायचं काय?"

"सिस्टर, तरी एकदा जाऊन..."

"कशाला? तूच एवढं मोजून काढलंस की." आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काम चांगलं केलंस हो. मी उगाच नावं ठेवली तुला."

तिचे डोळे भरून आले. या एका वाक्यासाठी ती अकरा वर्षं झुरली होती. ते आता मिळालं आणि, काय म्हणावं या मनाला, ते तिला गोडही लागलं.

चिठ्ठी घेऊन ती जिन्याने खाली गेली. समुपदेशक बाईंच्या दाराशी मिनिटभर घुटमळली. मग आत जाऊन तिने ती वेळ रद्द केली.