आम्ही की आपण

दुभाष्याला स्टेजवर स्वतःचं तोंड नसतं, असं मी बावीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. एरवी माझं काम म्हणजे पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं रशियनमधून आपल्या भाषेत आणायची. त्यात कुणाचा जीव जात नाही. फार तर पंप उलटा फिरतो.

यंदा साहित्य महोत्सवाला रशियन कवयित्री येणार म्हटल्यावर मला बोलावणं आलं. चार कवितासंग्रह, दोन कादंबऱ्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि तिन्ही दिवस अंगात एकच करडा स्वेटर. लढाईविरुद्धच्या एका कवितेपायी तिकडे तिच्यावर खटला उभा राहिला होता. परतीचं तिकीट रविवारचं होतं, आणि तिकडे उतरल्या उतरल्या पोलीस तिला विमानतळावरूनच उचलणार, हे ठरल्यासारखंच होतं. 'येऊ नकोस' एवढंच म्हणून तिच्या आईने फोन ठेवला होता.

इथे राहायचं तर एक पत्र हवं होतं : वर्षभर आमच्या संस्थेत पाहुणी लेखिका म्हणून ठेवून घेतो, असं. ते महोत्सवाच्या अध्यक्षांनी द्यायचं. आम्ही त्यांना पाठीमागे बघूसाहेब म्हणतो, कारण उभ्या जन्मात त्यांनी कशाला 'हो' म्हटलेलं नाही. पण तिच्या कार्यक्रमाच्या दिवशी पत्र टाइप होऊन त्यांच्या खिशात आलं होतं. फक्त सही राहिली होती.

"कार्यक्रम सुरळीत पार पडू दे, मग लगेच सही करतो," रंगमंचामागच्या खोलीत ते मला म्हणाले. "लढाईबद्दल अवाक्षर नको. मला वरून फोन येतात हो. तुम्ही आहात ना मध्ये, जरा सांभाळून घ्या."

"मी पदरचं काही घालत नाही."

"घालू नका. थोडं गाळा."

असा संताप आला! पण तिच्याकडे पाहिलं. कागदी कपातला चहा कधीच संपला होता, तरी तिने तो कप दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "बघते," मी म्हणाले.

कविता छान झाल्या. एक नदीवरची, एक आजीच्या शिवणयंत्रावरची. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बघूसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मला वाटलं, जिंकलो. मग प्रश्न सुरू झाले. लिहिता कधी, सुचतं कसं, नेहमीचंच सगळं. तेवढ्यात मधल्या रांगेतून कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ उठले.

"मी बस चालवतो," ते म्हणाले. "पुस्तकं वगैरे वाचत नाही. माझा मुलगा यांच्या देशात गेला होता. एजंट म्हणाला, हॉटेलात भांडी घासायचं काम आहे. तिथे हातात बंदूक दिली. सहा आठवड्यांनी पेटी आली. मला एकच विचारायचंय. माझ्या पोराला मारलं कुणी?"

मी तिला शब्दाला शब्द सांगितलं.  ती माईकजवळ वाकून दोन शब्द म्हणाली.

तिच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन. समोरच्याला वगळलं की आम्ही, त्याला धरलं की आपण. तिने त्या बापाला वगळलं होतं, हे मला लख्ख कळलं होतं. हे ठासून सांगते, कारण नंतर पुष्कळांनी 'भाषांतरात व्हायचंच असं' म्हणून माझी समजूत काढली. 'आम्ही मारलं' म्हटलं असतं तर टोपण पेनाला परत बसलं असतं. 'आपण मारलं' म्हटलं की त्याचं तत्त्वज्ञान होतं, अखिल मानवजात वगैरे, आणि कुणाला फोन येत नाही.

"आपण," मी म्हणाले. "आपण मारलं त्याला."

सभागृहात माना डोलल्या. ते गृहस्थ मात्र तसेच उभे.

"आपण? म्हणजे मीसुद्धा?"

त्यांनी स्वतःशीच मान हलवली. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. माईक हातातच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. माईक शेजारच्या खुर्चीत ठेवून ते दाराकडे चालू लागले.

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "काय सांगितलंस त्याला?"

मी सांगून टाकलं.

"दुरुस्त कर. आत्ताच्या आत्ता."

"पत्र जाईल तुमचं."

"माझं पाप त्याच्या माथी मारून मी इथे राहू?"

"चूक माझी," मी माईकवर म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "त्या 'आम्ही' म्हणाल्या. आम्ही मारलं." दार तेव्हा त्या गृहस्थांच्या मागे बंद होत होतं. बघूसाहेबांनी न वाजलेला फोन कानाला लावून काढता पाय घेतला.

आम्ही दोघी बाहेर धावलो. गाड्या लावतात तिथल्या पायरीवर ते गृहस्थ बसले होते.

"दादा, माझं चुकलं," मी धापा टाकत म्हणाले. "त्या 'आम्ही' म्हणाल्या होत्या. तुम्ही नाही त्यात."

"तो जायला तयार नव्हता, ताई," ते म्हणाले. "एजंटाच्या गाडीत बसून परत उतरला होता. मीच बखोट धरून आत बसवला. म्हटलं, किती दिवस बापाच्या जिवावर खाणार? दोन वर्षं सगळे मला एजंटाला शिव्या देऊन समजावतायत. तुम्हीच तेवढं खरं बोललात."



"काय म्हणतोय?" तिने विचारलं. "सांग ना, काय म्हणतोय तो?"

शब्द सगळे येत होते मला. एकही अवघड नव्हता.

"माफ केलं म्हणतायत," मी म्हणाले.

ती हमसून हमसून रडली. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ही बाई का रडतेय, ते त्यांना कळेना. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी दुसरीकडे. रविवारी ती परतीच्या विमानात बसली.