बिनदाण्याची मळणी

मानवजातीच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे चाकाचा इतिहास होय, असं शहाणीसुरती माणसं सांगत आली आहेत. टाकळवाडीच्या बिभीषण गर्जेलाही ते मान्य होतं. त्याची अडचण एवढीच, की त्याचं चाक नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी फिरायचं थांबलं आणि प्रगती तपासायला पुण्याची माणसं नवमीला सकाळीच येणार होती.

चाक थांबलं ते त्याच्या मेहुण्यामुळे. मेहुणा कल्याण, वजन ब्याण्णव किलो. "दाजी, बघू तरी तुमच्या मशिनीत किती दम हाय," म्हणत तो सीटवर बसायच्या ऐवजी दोन्ही पायडलांवर उभाच राहिला आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला. आतून 'कट्ट' असा आवाज आला. त्यानंतर पायडल इतकं हलकं फिरायला लागलं की कल्याण खूश झाला.

"आता कसं! जाम हुतं, मोकळं केलं बगा," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

बिभीषणनं खाली वाकून पाहिलं. फ्रीव्हील आतून गेलं होतं. पायडल फिरत होतं, साखळी फिरत होती, मळणीचा पिंप मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा जागचा हलत नव्हता.

हे यंत्र म्हणजे जुन्या सायकलचा सांगाडा, तेलाचा रिकामा पिंप, पिंपावर बसवलेल्या तारेच्या कड्या आणि खाली पत्र्याचा उतार. एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं बाजरीची कणसं कड्यांवर धरायची, दाणे पत्र्यावरून खाली घरंगळायचे. वीज नको, डिझेल नको, धूर नाही. सगळा माल पाथर्डीच्या भंगारातला. सायकलची घंटी काढायची राहून गेली होती, तीही होती. आणि खरं ते सांगायलाच हवं : यंत्र चालायचं. यंदा वस्तीवरच्या चार घरांची बाजरी त्याच्यावरच निघाली होती.

पुण्यात 'सुलभयंत्र प्रतिष्ठान' नावाची एक संस्था होती. खेड्यापाड्यांसाठी साधी, स्वस्त, निसर्गाला न दुखावणारी यंत्रं शोधणं हे तिचं काम. तालुक्यातून एक यंत्र निवडायचं, ज्यानं बनवलं त्यालाच पन्नास नगांचं काम द्यायचं, असा तिचा बेत होता. बिभीषणचा कागद पहिल्या टप्प्यात पास झाला होता. दुसरा टप्पा म्हणजे ही पाहणी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वस्तीवरून कारखान्याकडे टेम्पो सुटणार होता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बिभीषण आणि पंकजा हा कोयता गेली अकरा वर्षं न चुकता मोजला जात होता. यंदा मात्र बिभीषणनं मुकादमाला "दसऱ्याला रात्री सांगतो" असं सांगितलं होतं, आणि पंकजानं त्याच्याही पुढं जाऊन घरामागं लसूण लावला होता. लसूण निघायला चार महिने लागतात. इथं राहायचं नसेल ती बाई लसूण लावत नाही, हे सगळ्या वस्तीला कळत होतं.

नवमीला उजाडतानाच बिभीषण जीपला लोंबकळत पाथर्डीला गेला. अजिनाथचं सायकलचं दुकान उघडं होतं. दारात पाट मांडला होता आणि पाटावर सगळे पाने, पक्कड, हातोडी ओळीनं झोपवले होते. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, पुढं नारळ.

"अजिनाथ, वस्तीवर येऊन एक फ्रीव्हील बसवायचंय. पाच मिनटाचं काम."

"उद्या या."

"उद्या कशाला? माल हाय, तू हायस, मी हाय."

"पाना कुटं हाय?"

"ह्यो काय समोर!"

"आज त्यो पाना न्हाई. आज त्यो द्येव हाय. खंडेनवमी हाय का न्हाई? पूजा झाली, आता हत्याराला हात लावायचा न्हाई."

"मंग पाना दे, मी खोलतो माझ्या हातानं."

"तुमचा हात काय आभाळातनं पडलाय व्हय? अवो, आज मी नखं बी काढली न्हाईत. त्ये बगा, नेलकटर सुदिक पूजेला ठिवलंय."

होतं खरं. दोन पान्यांच्या मधे नेलकटर निजलं होतं आणि त्याच्या पोटावर झेंडूची पाकळी होती.

परतीच्या जीपमध्ये पंधरा माणसं होती. त्यातल्या चौदाजणांचे कोपर खात बिभीषण विचार करत होता. बीड रस्त्याचा चढ लागला तेव्हा त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्या कडीनं अजिनाथनं त्याला बाहेर ठेवलं होतं, तीच कडी आतून लावता येत होती.

घरी येताच त्यानं आईला हाक मारली. "आई, हत्यारांची पूजा झाली का?"

"झाली की. कोयता, इळा, खुरपं, पहार," रंगुबाई म्हणाल्या.

"अन् मशीन?"

"ती बी पुजायची व्हय?"

"आपल्या पोटापान्याचं हत्यार न्हाई का त्ये?"

रंगुबाईंना ते पटलं. पटलं की त्या हात आखडता घेत नसत. त्यांनी पिंपाला पाच ठिकाणी हळदकुंकू लावलं, सीटवर अक्षता टाकल्या, सगळ्या सांगाड्याला झेंडूची दुहेरी माळ घातली, वर उदबत्ती टोचली. आता त्या यंत्राला हात लावायची कलेक्टरचीही टाप नव्हती.

पंकजा दारात उभी राहून बघत होती. "फ्रीव्हील?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई बसलं."

"मंग?"

"मंग काय, द्येव बसवलाय."

"अन् ती मान्सं मुक्कामाला ऱ्हायली तर?"

"ऱ्हात न्हाईत. त्यांना काय दसरा न्हाई का?"

पंकजा हसली नाही. तिनं फक्त पदर खोचला. अकरा वर्षांच्या संसारात याचा अर्थ 'बघूया' असा होतो, हे बिभीषणला माहीत होतं.

साडेअकराला पांढरी गाडी आली. आतून दोघं उतरले. प्रतिष्ठानचे राधाकृष्ण साहेब : साठी ओलांडलेले, खादीचं जाकीट, उजव्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. आणि रुपाली मॅडम : इंजिनिअर, हातात टॅब. मळणीयंत्र कसं दिसतं ते बघायला कधी न आलेली अख्खी वस्ती साहेब कसे दिसतात ते बघायला जमली.

साहेब माळा घातलेल्या यंत्रापुढं थबकले. त्यांचा आवाज जड झाला. "रुपाली, लिहून घ्या. वापरकर्त्यांनी यंत्राला देवत्व दिलंय. सामाजिक स्वीकृती : दहापैकी दहा."

"सर, खंडेनवमी आहे आज," रुपाली म्हणाली. "आमच्या गावाला, काष्टीत, ट्रॅक्टरलासुद्धा माळ घालतात."

"तरीही दहाच लिहा. हं, आता जरा चालवून दाखवा."

बिभीषणनं चेहरा पाडला. आरशापुढं दोनदा पाडून बघितला होता, तसाच. "सायेब, माजी लई इच्छा हुती. पन पूजा झाली. आई हात लावू देत न्हाई."

"न्हाई म्हंजी न्हाईच," रंगुबाई म्हणाल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचं बोलणं फार खरं वाटलं.

साहेबांनी समजूतदार मान हलवली. "स्थानिक श्रद्धेचा आदर," ते रुपालीला म्हणाले आणि गाडीकडे वळले. बिभीषणनं काल संध्याकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"थांबा!" गर्दीतून आवाज आला.

हे सूर्यभान. बिभीषणचे चुलते, एष्टीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नियम या गोष्टीवर त्यांचं जितकं प्रेम होतं तितकं पोटच्या पोरांवरही नव्हतं. पुतण्याचं काम अडलेलं बघून त्यांचा जीव तुटला होता.

"वयनी, हत्यारांची पूजा कवा? आज. अन् वाहनांची? उद्या, दसऱ्याला. बरूबर?"

"बरूबर," रंगुबाई म्हणाल्या.

"मंग ह्ये हत्यार हाय का वाहन? बगा. सीट हाय. पायडल हाय. हँडल हाय." सूर्यभानांनी पुढं होऊन घंटी वाजवली. "घंटी हाय! कोयत्याला घंटी बघितलीय का कुनी?"

कुणीच बघितली नव्हती. गर्दीत माना हलायला लागल्या.

"तात्या, ऱ्हावू द्या की," बिभीषण म्हणाला. "सनासुदीचा वाद कशाला?"

"तू गप रं. घाबरू नगं, तुजा चुलता हाय हितं."

रंगुबाईंनी नेमकं बोट ठेवलं. "भावजी, याच्यावर बसून कुटं जाता येतं का? जागचं हालत न्हाई त्ये, अन् वाहन कसलं?"

"वयनी, पाथर्डीच्या स्टँडात उभी असलेली एष्टी जागची हालती का?"

रंगुबाईंचा हात माळेकडे गेला. त्या स्टँडात त्यांनी आयुष्यातले बरेच तास काढले होते.

"मंग तिला वाहन म्हनत न्हाईत का?" सूर्यभानांनी शेवटचं तिकीट फाडलं.

रंगुबाईंनी क्षणभर विचार केला, यंत्राला हात जोडून "चुकलं माकलं माफ कर बाबा" म्हणाल्या आणि माळ उतरवून हँडलला गुंडाळली. "उद्या परत घालीन. बिभीषण, बस."

"बसा दाजी बिनधास्त!" कल्याण मागून ओरडला. "कालच मोकळं केलंय मी!"

बिभीषण बसला. समोर सगळी वस्ती, बाजूला साहेब, आणि पत्र्यापाशी कणसांची पेंढी घेऊन पंकजा. त्यानं पायडल मारलं. पायडल भिरभिरलं. साखळी सळसळली. पिंप ढिम्म.

पंकजानं नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि कणसं कड्यांवर धरून स्वतःच खालीवर घासायला सुरुवात केली. तिचे दंड भरून आले, कपाळावर घाम आला. पत्र्यावरून मोजून वीस-पंचवीस दाणे घरंगळले.

"मी बघू?" साहेब म्हणाले. ते सीटवर चढले, भीतभीत उजवा पाय टाकला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते मारत राहिले. डॉक्टरांनी त्यांना रोज वीस मिनिटं असंच काहीतरी करायला सांगितलं होतं.

"अरे, काहीच जोर लागत नाही! गुडघ्याला कळतसुद्धा नाही! रुपाली, लिहा. श्रम : नगण्य. आवाज : शून्य. धूर : नाही. हात अडकण्याचा धोका?"

रुपालीनं स्तब्ध पिंपाकडे पाहिलं. "अजिबात नाही, सर."

"वा!"

"पण सर, पिंप फिरत नाहीये."

साहेब पायडल मारतच म्हणाले, "उत्पादनक्षमता पहिल्या टप्प्यात कागदावर तपासून झालीय. दुसरा टप्पा वापरकर्त्याच्या अनुभवाचा. या फॉर्ममध्ये पिंप आहे का?"

रुपालीनं टॅबवर बोट वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. "नाही, सर."

"मग?"

साहेब चहा घ्यायला ओट्यावर गेले तेव्हा ती यंत्राजवळ मागं राहिली आणि काष्टीच्या बोलीत हळूच म्हणाली, "फ्रीव्हील गेलंय ना?"

बिभीषणनं मान खाली घातली. "व्हय ताई. मेव्हना उभा ऱ्हायला त्याच्यावर. न्हाईतर घंट्याला साठ किलो काढतंय, आईशप्पथ. पाच मिनटाचं काम हुतं, पन पाथर्डीत पाना पूजेला बसला."

"कड्यांची मांडणी बघितली मी. चांगलीय. उद्या नवं बसवून घ्या."

"तुमी सांगनार सायबांना?"

"सांगितलं की. त्याला रकाना न्हाई," ती म्हणाली आणि चहाला गेली.

गाडी गेल्यावर सूर्यभानांनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. कल्याणनं आपल्यामुळेच पायडल हलकं झालं, हे दोन-तीन जणांना पुन्हा समजावून सांगितलं. रंगुबाईंनी माळ परत घातली, उद्यापर्यंत कोण थांबतंय. पंकजा हात चोळत चुलीपाशी बसली होती.

"दंड भरलं का गं?" बिभीषणनं विचारलं.

"उसापरीस बरं," ती म्हणाली.

दसऱ्याला संध्याकाळी, वस्ती आपट्याची पानं वाटत असताना, मोबाईलवर पत्र आलं. बिभीषणचा चष्मा सापडेना, म्हणून पंकजानं वाचलं. अभिनंदन होतं. यंत्र तालुक्यातून पहिलं आलं होतं आणि पन्नास नगांचं काम मंजूर झालं होतं. पंकजा थांबली, डोळ्याला पदर लावला. बिभीषण मुकादमाचा नंबर शोधायला लागला.

"थांबा, खाली अटी हायत," ती म्हणाली. "पहिली. पाहनीच्या वेळच्या नमुन्यात काडीचाबी बदल करू नये. पायडल तेवढंच हलकं ऱ्हायला पायजे."

"आनि दुसरी?"

पंकजानं दुसरी अट मनातल्या मनात वाचली, मग मोबाईल त्याच्या हातात दिला. काम एक मेपासून सुरू करायचं होतं.

ऊसतोडीचा हंगाम एप्रिलअखेर संपतो.