उघडं तोंड

भिंगाखाली फोटोतल्या क्लिओथाची पडजीभसुद्धा दिसत होती... रोझेलने भिंग जरा सरकवलं. सोन्याचा दात. करंगळीत अडकवलेली बाटलीची तोडलेली मान – ती तारांवरून घसरली की क्लिओथाची गिटार हुंदके द्यायची म्हणे – म्हणे कशाला, रोझेल स्वतः होता की तिथे, चाळीस वर्षं, कापसाच्या शेतांपलीकडच्या त्या पत्र्याच्या गुत्त्यात, कॅमेरा घेऊन...

"तोंड मिटलेला एकही नाही?" मिस व्हर्लीनने – गावात लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणत – फोटोंचा ढीग उलटा केला. परवा नवऱ्याचं, क्लिओथाचं, दफन व्हायचं होतं, चर्चमध्ये वाटायच्या पत्रिकेवर फोटो हवा होता. "माझ्या नवऱ्याचे दात मोजत होतास का रे?"

"मिटलेल्या तोंडाचा क्लिओथा परवा पेटीत दिसेलच, मिस व्हर्लीन. फुकटात."

ती हसली. मग एका फोटोवर तिचं बोट थांबलं.

"यात काय गातोय?"

ती कधी गुत्त्याची पायरी चढली नव्हती. चर्चमध्ये गाणारी बाई; गुत्त्यातलं सैतानाचं गाणं घरात नको, ही तिची लग्नातली अट. क्लिओथा गिटार न्हाव्याच्या दुकानात ठेवून मगच घरी यायचा. त्याच्या गाण्यांची तबकडी काढायला शहरातून माणसं आली, तेव्हा पठ्ठ्या पिऊन गाडीत घोरत होता...

"घरात साधं गुणगुणलासुद्धा नाही," ती म्हणाली. "तू होतास ना. कसा होता रे आवाज?"

पिवळा दिवा आठवला. दिव्याखालचा धूर, गळ्यावरून ओघळणारा घाम, त्याने तोंड उघडायची वाट बघत आपण रोखून धरलेला श्वास – श्वासाबरोबर कानही बंद होत असतील का? "डबडं खाली ठेव की लेका, एक गाणं तरी कानांनी घे," क्लिओथा डाफरायचा, आणि रोझेल नेमकं तेव्हाच खट्टकन बटण दाबायचा, कारण चिडला की तो झकास दिसायचा...

थाप मारावी. जन्मभर थापांवरच जगलो आपण, शहरातल्या पाहुण्यांना एकेका फोटोमागे एकेक गाणं चिकटवून दिलं. हिलाही द्यावं एखादं. गुणगुणावं काहीतरी, जाडाभरडा आवाज काढून... हिला काय कळणार?

हिला काय कळणार.

मिस व्हर्लीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले, डोळे मिटले.

रोझेलने तोंड उघडलं. आत खोल कुठेतरी तो आवाज शोधला – आणि खट्ट. पुन्हा शोधला. खट्ट. चाळीस वर्षांचं नुसतं खट्ट, खट्ट... तोंड तसंच उघडं राहिलं, पडजीभ दिसेल इतकं.

आणि समोर ती, डोळे मिटून, मान किंचित कलती करून, ऐकत होती.