चार खोल्यांचं घर

रविवारच्या उपासनेत पाळक काल्साँग यांनी पाहुण्यांपैकी कुणीतरी उभं राहून स्वतःच्या अनुभवाची साक्ष द्यावी असं सुचवलं, आणि पाहुण्यांच्या बाकावरचे सगळे ब्रॉन्विनकडे बघायला लागले. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे बोलायची वेळ आली की माळ तिच्याच गळ्यात पडायची.

ही मंडळी ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या एका लहानशा चर्चमधून समुद्रापारच्या टोंगोआ बेटावर आली होती. चक्रीवादळानं इथल्या शाळेचं छप्पर उडवून नेलं होतं, ते गावकऱ्यांच्या जोडीनं पुन्हा घालायचं होतं. ब्रॉन्विन उठली ती छपराबद्दल दोन गोड वाक्यं बोलायची आणि बसायचं, एवढंच ठरवून. पण आत्ताच पाळकांनी ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आमचंही घर गेलं," ती म्हणाली. "वणव्यात."

मग ती थांबलीच नाही. आभाळ दुपारीच काळं झालं ते, कुत्र्याला उचलून गाडीत टाकलं ते, ओली घोंगडी पांघरून बोटींच्या धक्क्यावर शेकडो माणसांत बसून राहिलो ते. परत गेलो तर धुराडं तेवढं उभं. वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर. स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीनं केलेल्या पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या, त्या गेल्या. पाळक एकेक वाक्य बिस्लामात, बेटावरच्या भाषेत, सांगत होते. खुणांचं सांगताना ब्रॉन्विनला रडू फुटलं. वणव्यानंतर ती एकदाही रडली नव्हती. तेव्हा धावपळच इतकी होती. बायकांच्या बाजूनं हुंदके सुरू झाले, आणि म्हातारी लेसाले पुढं येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

तिच्या सांगण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त गोष्ट धुराड्यापाशी थांबली होती. त्याच जागेवर विम्याच्या पैशातून नवं घर उभं राहिलं होतं, चार खोल्यांचं, जुन्यापेक्षा मोठं, काचा दुहेरी, हिवाळ्यात वारा आत यायचा नाही. ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेमाराच्या अंगणात बायका यायला लागल्या.

ब्रॉन्विन आणि तिचा नवरा लेस्टर लेमाराकडेच उतरले होते. लेमारा महिला मंडळाची प्रमुख, विधवा, जिभेची तिखट. तिनं पाहुण्यांना घर दिलं होतं आणि स्वतः मागच्या चुलीच्या खोपटात झोपत होती. अंगणात आलेल्या पहिल्या बाईनं केवड्याच्या पातीची चटई आणली. दुसरीनं ताटल्या. कुणी कोयता, कुणी उशीची नक्षीदार खोळ, कुणी बेण्याची कोनफळं, कुणी पाय बांधलेली कोंबडी. लेसालेनं अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं आणलं, घासून चांदीसारखं लख्ख केलेलं.

"नव्या घरात पहिला स्वयंपाक यात कर हो बाई," ती म्हणाली.

ब्रॉन्विननं पातेलं घेतलं. आभार मानले. काय करणार?

दुपारी शाळेच्या ओसरीवर खिळ्यांच्या डब्यांशेजारी पाहुण्यांची बैठक भरली.

"नाही म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान," त्यांचे पाळक अ‍ॅलिस्टर म्हणाले. "प्रेमानं देतायत, प्रेमानं घे."

"परत गेल्यावर आपण चांगली भरभक्कम मदत पाठवू," मर्व्ह म्हणाला. तो जुना नळकामवाला, हिशेबी माणूस. "म्हणजे फिटंफाट."

"कशाची फिटंफाट, मर्व्ह? त्यांना वाटतंय मी उघड्यावर राहते."

"तू तसं म्हणालीस का?"

"नाही."

"मग झालं तर."

लेस्टरनं टोपी काढून डोकं पुसलं. "हे बघ ब्रॉन, विम्याचे हप्ते आपण इतकी वर्षं इमानानं भरले. काही चोरी नाही केली. चांगलं घर असणं हे काय पाप आहे?"

"पाप नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

ती हातोडी उचलून कामाला गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिनं दोन खिळे वाकडे आणि एक बोट काळंनिळं केलं.

आणखी दोन दिवस असेच गेले. देवाची प्रार्थना करायला बसली की तिला फक्त पातेलं दिसायचं. आणि मग लेमारानं पेटी उघडली.

दोघी खोपटात, तापल्या दगडांवर भाजायच्या लापलापसाठी कोनफळं किसत बसल्या होत्या. लेमारानं हात धुतले, पुसले, आणि पेटीतून एक चटई काढून ब्रॉन्विनच्या मांडीवर ठेवली. लाल रंगाची, बारीक विणीची, कडेला झालर. इतकी मऊ की कापडच वाटावं.

"नोएलाच्या लग्नासाठी विणलीय," लेमारा म्हणाली. नोएला तिची धाकटी. "पण तिचं लग्न ती परत आल्यावर. तोवर दुसरी होईल विणून. ही तुझ्या घरात घाल."

ब्रॉन्विनच्या हाताला किसाचा चीक लागलेला होता. तिनं हात वर धरले, चटईला लागू नयेत म्हणून. तशीच म्हणाली, "लेमाराताई, माझं घर बांधून झालंय."

"बरं झालं की. कधी?"

"वर्ष होऊन गेलं. विमा होता आमचा. विमा म्हणजे, आधी दर वर्षी थोडे थोडे..."

"विमा माहीत आहे मला," लेमारा म्हणाली. "तिकडे राजधानीत, व्हिलात, माझ्या दिराच्या गाडीचा आहे. मला काय जंगलातली समजतेस?"

"नाही हो."

"केवढं आहे घर?"

"चार खोल्या. झोपायच्या. बाकीचं निराळं."

"आणि राहता किती जण?"

"मी आणि लेस्टर."

चुलीतले दगड तापून करडे व्हायला लागले होते. लेमारानं काठीनं ते हलवले. मग ब्रॉन्विनच्या मांडीवरची चटई उचलली, नीट घडी घातली आणि पेटीत परत ठेवून झाकण लावलं.

"ही माझ्या लेकीची," ती म्हणाली.

"हो. तिचीच आहे." ब्रॉन्विनला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. "बाकीच्याही वस्तू परत देते मी. रविवारी चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांची माफी मागते."

लेमारा गर्रकन वळली. "खबरदार! लेसालेचं पातेलं परत देणार तू? सगळ्यांसमोर? ती म्हातारी चार दिवस गावभर ताठ मानेनं फिरतेय. आमच्या वादळानंतर जो तो आम्हाला देऊन गेला. तांदूळ घ्या, ताडपत्री घ्या, हात जोडा, फोटो काढा. पहिल्यांदा तिनं कुणाला तरी काहीतरी दिलं. तुला हलकं वाटावं म्हणून तिला वेडी ठरवू का मी?"

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? कोनफळ किस."

त्या दिवशी लेमारा तिच्याशी पुढं एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण वेळेवर यायचं, अंघोळीचं पाणी भरलेलं असायचं, पण बाईसाहेब मुक्या. लेस्टरला वाटलं, आपल्या घोरण्याचा राग आला असेल.

छपराचा शेवटचा पत्रा ठोकून झाला त्या संध्याकाळी लेमारा आपण होऊन ओट्यावर येऊन बसली.

"तुमच्या गिप्सलँडात भाजीचे मळे आहेत ना? नदीकाठी?"

"आहेत. आमच्यापासून तासाभरावर."

"नोएला तिथंच आहे. कोबी कापते. कंत्राटावर गेलीय." लेमारानं पदराशी चाळा करावा तसं झग्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "सातजणी एका खोलीत झोपतात. मालकाची गाडी शनिवारी बाजारात नेते, रविवारी नाही. चर्चला जाऊन किती महिने झाले तिला. मोबाइलवर रडते, मग म्हणते, सर्दी झालीय. तू कधी पाहिल्यास का गं या पोरी?"

ब्रॉन्विननं पाहिल्या होत्या. सुपरमार्केटात, शनिवारी, पिवळ्याधमक जाकिटातल्या सावळ्या मुली घोळक्यानं तांदळाची पोती ढकलगाडीत घालताना. ती त्यांच्याकडे बघून छान हसायची आणि पुढं जायची. विमानात बसून समुद्र ओलांडून ती मदत करायला इथं आली होती. त्या पोरींपर्यंतची चार पावलं मात्र तिनं कधी ओलांडली नव्हती.

"पाहिल्यात," ती म्हणाली.

"मग तुझ्या चारातली एक खोली रविवारपुरती दे तिला. मी भीक मागत नाहीये. तूच विचारलंस काय करू म्हणून."

आता खरं तर ब्रॉन्विननं ताबडतोब हो म्हणायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढून पांढरे गालिचे गेले, नातवंडं येतात ती खोली गेली, दर रविवारी अनोळखी माणूस न्याहारीला, हेही गेलं. "लेस्टरला विचारते," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला स्वतःची लाज वाटली.

लेमारा खो खो हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "चार खोल्यांची मालकीण, आणि नवऱ्याला विचारते म्हणे! विचार बाई, विचार."

निघताना सगळं गाव धावपट्टीवर हात मिळवायला रांगेत उभं होतं. कोनफळं आणि कोंबडी ऑस्ट्रेलियात नेता येत नाहीत म्हटल्यावर आदल्या दिवशीच त्यांचं जेवण झालं होतं. पातेलं मात्र ब्रॉन्विनच्या हातात होतं, आणि लेसाले ते सगळ्यांना बोटानं दाखवत होती.

घरी पोचल्यावर पहिल्याच शनिवारी दोघं मळ्यावर गेली. गोठ्यासारख्या लांब चाळीत पोरी कपडे वाळत घालत होत्या. नोएला आईसारखीच, हनुवटी वर करून बघणारी.

"कंपनीनं पाठवलं का तुम्हाला?" तिनं पहिला प्रश्न केला.

"नाही. तुझ्या आईनं."

"आई कशी आहे?"

"माझ्यावर रागावली होती."

नोएलाचा चेहरा सैल झाला. "म्हणजे बरी आहे."

ती रविवारपुरती घरी आली, पण एकटी नाही. बरोबर दोघी मैत्रिणी. लेस्टरनं आधी नाक मुरडलं. गरम पाणी संपलं म्हणून कुरकुरला, रात्री गाणी म्हणतात म्हणून कुरकुरला. मग एका रविवारी त्या आल्या नाहीत, तेव्हा दर थोड्या वेळानं खिडकीतून रस्ता बघत राहिला.

सोपं काही नव्हतं. नोएला पाहुणी म्हणून वागायची नाही आणि मोलकरीण म्हणूनही नाही. ब्रॉन्विननं तिला जुने स्वेटर काढून दिले, तर म्हणाली, "मावशी, स्वेटर आहेत माझ्याकडे. मला खोलीबद्दल बोलायचंय. सातजणींच्या पगारातून वेगवेगळं भाडं कापतात. एकाच खोलीचं सातदा. त्यांना कुणीतरी विचारेल का?"

ती चाळ रे मॅकब्राइड नावाच्या माणसाची होती. हा रे त्यांच्याच चर्चच्या कारभारी मंडळातला. ब्रॉन्विनच्या पुढच्या बाकावर बसणारा. वणव्याच्या वेळी धक्क्यावर त्यांना गरम सूप आणून देणारा. त्यानं दिलेल्या लाकडातूनच तिच्या नव्या घराचा व्हरांडा झाला होता.

आठवडाभर तिला झोप लागली नाही. टोंगोआला जाणं सोपं होतं, तिकीट काढलं की झालं. पुढच्या बाकापर्यंत जाणं अवघड.

उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी तिनं त्याला बाजूला घेतलं. लेस्टर तिच्यामागं येऊन उभा राहिला. तिनं त्याला तसं सांगितलं नव्हतं.

"रे, त्या खोलीत सातजणी राहतात, तुला माहीत आहे ना?"

"नियमात बसतं ते," रे म्हणाला.

"मी नियमाचं नाही विचारलं. तुझी मुलगी झोपली असती का तिथं?"

रेचा चेहरा लाल झाला. "दोन आठवडे बेटावर काय जाऊन आलीस, लगेच मला शिकवायला आलीस? तुझा चार खोल्यांचा महाल आधी वाटून टाक, मग माझ्याकडे ये."

लोक बघायला लागले. एरवी ती गप्प बसली असती, कारण बोलणं काही खोटं नव्हतं.

"त्यातल्या दोन आज भरल्यात," ती म्हणाली. "आणि तू म्हणतोस ते खरंच आहे. तरीही मी विचारतेय."

रे कप ठेवून निघून गेला. महिनाभर त्यानं बाक बदलला, आणि लेस्टरबरोबरचा त्याचा शनिवारचा पत्त्यांचा डावही बंद झाला. मग नोएलानं एके दिवशी सांगितलं की शेजारची गोदामाची खोली रिकामी करून मालकानं तिथं चौघींच्या खाटा टाकल्यात. भाडं कमी झालं नव्हतं.

"तेही विचारू," ब्रॉन्विन म्हणाली.

"विचारा," नोएला म्हणाली, "पण आधी आईचा फोन घ्या. कधीची लाइनवर आहे."

ब्रॉन्विननं फोन कानाला लावला. आवाज तुटत होता, मागं कोंबडे ओरडत होते.

"काय गं," लेमारा म्हणाली, "पोरगी बारीक दिसतेय फोटोत. जेवायला घालतेस की नुसत्या खोल्या दाखवतेस?"

"घालते हो. पण ती माझ्या हातचं खात नाही. अळणी म्हणते."

"मग बरोबरच आहे तिचं," लेमारा म्हणाली, आणि नारळाचं दूध कधी घालायचं ते पहिल्यापासून सांगायला लागली.