दिवसाची गोष्ट

शिवकन्येने पान उलटले आणि पुन्हा दाराकडे पाहिले. बोरीच्या वाचनालयात तिच्या नव्या कथेचे वाचन सुरू होते. पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती, बन्सीधरमामासाठी ठेवलेली. त्याच्या सुनेने त्याला सकाळीच देवगाव फाट्यावर एसटीत बसवून दिले होते. सोबत कुणी नको, असा त्याचाच हट्ट. एव्हाना तो पोचायला हवा होता. फोन बंद लागत होता.

रिकाम्या खुर्चीशेजारी आई, धुरपताबाई, पदर तोंडाशी धरून बसली होती. दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो, असे तिने निघतानाच बजावले होते. वाचणे म्हणजे सांगणे नव्हे, म्हणून शिवकन्या हसली होती. आता तिला हसू येत नव्हते. कथेतही एक मामा होता आणि त्याला चकवा लागला होता.

दवाखान्यात नर्स असलेल्या शिवकन्येला लिहायचा नाद मामामुळेच लागला. तो परभणीत रद्दीच्या दुकानात हमाली करायचा. तिथून तिच्यासाठी जादूच्या कादंबऱ्या आणायचा, सगळ्या एकाच लेखकाच्या, बहुतेकांची शेवटची पाने गेलेली. तळ्याखालचे नगर, सावल्या विकत घेणारा सोनार, रस्ते गिळणारी चेटकीण. तो लेखक चेटकीण कधी दाखवत नसे. आधी कुत्री गप्प होत, मग बैल पाऊल उचलेनासे होत, एवढेच. भीती लिहायला ती त्याच्याकडून शिकली. फाटलेला शेवट मात्र मामा दिवे लागल्यावर अंगणात आपल्या मनाने सांगायचा. त्याच्या शेवटात प्रत्येक माणूस घरी पोचायचा आणि तव्यावरची भाकरी गरम असायची.

नोकरी लागल्यावर तिने त्याच कादंबऱ्या अख्ख्या मिळवून वाचल्या. लेखकाच्या शेवटात कुणीच परतत नव्हते. तिच्या कथांची सुरुवात त्या लेखकाच्या वळणाची असे आणि शेवट मामाच्या. संपादकांना तो शेवट भाबडा वाटे. या वेळी तिने पहिल्यांदाच शेवटही लेखकासारखा केला होता.

"बंद कर," आई म्हणाली. "दादा आल्याबिगर फुडं वाचू नको."

मागून कुणीतरी म्हणाले, मावशी, गोष्टच हाय ती, खरी थोडीच हाय. लोक हसले. शिवकन्येने कागद मिटले.

तिचा नवरा योगीराज स्टँडवर जाऊन आला. मामाची जिंतूरकडून येणारी बस केव्हाच येऊन परभणीला गेली होती. मामा इथे उतरला नव्हता. आई रडली नाही. तिने एकच विचारले.

"तुज्या गोष्टीतला मामा येतो का घरी?"

शिवकन्या उठून बाहेर आली. पायरीवर उभी राहून ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. लिंबाखालची कुत्री गप्प पडून होती. उन्हात ती रोजच गप्प असतात, हे तिला कळत होते. तरी तिची नजर तिथून हलेना. रस्त्यावर एकही वाहन नव्हते. हे सगळे आपण लिहिले आहे, असे तिला वाटले.

अखेर रिंग गेली. पलीकडे एक बाई होती. ताडकळसला तिचे चहाचे हॉटेल होते. म्हातारबा कधीचे बाकड्यावर बसलेत, नाव विचारले तर नुसते हसतात, फोन मीच चार्जिंगला लावला, असे ती सांगत होती. ताडकळस म्हणजे परभणीच्याही पलीकडे. मामा बोरीवरून पुढे गेला होता आणि परभणीत दुसऱ्याच गाडीत बसला होता.

योगीराजने शेजाऱ्याची जीप आणली.

ते पोचले तेव्हा ऊन अजून रस्त्यावर होते. मामा बाकड्यावर ताठ बसला होता. पिशवी मांडीवर, चपला समोर नीट जोडून ठेवलेल्या. बहिणीला पाहून तो अदबीने सरकला.

"बसा बाई. गाडीला टाइम हाय."

धुरपताबाई त्याच्याशेजारी बसली. शिवकन्या समोर उकिडवी बसली आणि तिने आपले नाव सांगितले. मामाने बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

"माजी भाची वाट बघायलीय," तो म्हणाला. "शेवट ऐकल्याबिगर झोपत न्हाई ती. पुस्तकाची पानं फाटल्यात, आन् मला तर काईच याद येईना."

शिवकन्येने आईकडे पाहिले.

"सांग," आई म्हणाली.

"दिवस हाय अजून."

"असू दे. आता आनिक कुठं चुकायचाय त्यो."

शिवकन्या सांगू लागली. चेटकिणीने रस्ता गिळला होता. कुत्री गप्प झाली, बैल थांबले. मामाने पिशवी घट्ट धरली. मग तिने त्या माणसाला अंधारातून बाहेर काढले, ओढा ओलांडून दिला, गावाच्या दिव्यांपर्यंत आणले आणि त्याच्या घराचे दार उघडले.

"भाकरी?" मामाने विचारले.

"गरम होती."

त्याने समाधानाने मान हलवली. पिशवी शेजारी बसलेल्या बाईच्या हाती दिली, चपला पायात घातल्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन, डोळ्यांवर हात धरून, तो भाची कुठून येते ते बघत उभा राहिला.